हौश्याचा खुंटा

वडूज, मळ्यातलं घर
९ जानेवारी २०२४

तुज्या चुलत्यानं फोन आणून दिला त्येला मी नावं ठेवत न्हाई, पण त्यो फोन हाय का देवळावरचा भोंगा? माझा डावा कान गेलाय, उजव्याला निम्मं कळतं. म्हनून धनाजीची बायको त्येचा आवाज मोठ्ठा करून मधल्या सोप्यात ठेवती, आन मी काय बोलले, तू काय बोललीस, समदी आळी ऐकती. परवा तू इचारलंस, "आज्जे, पोट साफ होतं का?" तर शेजारच्या तानाजीनं भिताडाच्या पल्याडनं उत्तर दिलं. असल्या फोनवर घरातलं बोलायचं कसं? तवा आता कागद.

चि. क्रांतीस आज्जीचा आशीर्वाद.

हसू नगो. माझी चौथी बी पुरी झाली न्हाई, पण तुज्या बापाची पत्रं वाचून वाचून अक्षर राखलंय. म्हातारा शाळेच्या बाजूला फिरकला न्हाई कवा. मग मिलिटरीतनं शंभूचं निळं अंतर्देशी आलं की मीच ते त्येला वाचून दावायची, आन उत्तर बी मीच खरडायची. तवा बसलेला हात अजून चालतोय.

काम हाय म्हनून लिवते. दिवाळीत आलीस तवा लय मिरवलंस. सांगलीला म्हाताऱ्या मानसांच्या केंद्रात कामाला हाय, त्येंना ध्यानात ठेवायच्या युक्त्या शिकवते, म्हनलीस. चकली खाता खाता धनाजीच्या बाजाराची यादी उलटी सुलटी पाठ म्हनून दावलीस. ती युक्ती काय ती नीट लिवून धाड. सांगितलेलं दुसऱ्या दिशी डोक्यात ऱ्हात न्हाई अशा मानसाला एक गोष्ट ध्यानात ठेवायची हाय. एकच. ती कशी बसवायची?

कुनासाठी म्हनून इचारशील. माझ्यासाठी. आमटीत मीठ दोनदा पडतंय. झालं समाधान?

गोळ्या सांगू नगो. बदाम सांगू नगो. दात न्हाईत.

आज्जी


सांगली
१७ जानेवारी २०२४

ति. आजीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी केंद्रात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. तानाजीकाकांच्या उत्तरापर्यंत हसत होते. मिठाचं वाचलं आणि डबा झाकून ठेवला.

आज्जे, हे कधीपासून होतंय? नुसतं मीठच, की माणसांची नावंही विसरतेस? वाट चुकतेस का? खरं लिही. तू कशाला दाद देणारी नाहीस हे मला माहीत आहे, पण तुला सांगलीला आणून एकदा तपासायलाच हवं.

तोवर युक्ती सांगते. माणूस नावं विसरतो, निरोप विसरतो, पण जागा सहसा विसरत नाही. डोळे मिटून तू घरभर फिरू शकशील. उंबरा, सोपा, रांजण, चूल, माळा. जे लक्षात ठेवायचं ते मनातल्या मनात एकेका जागेवर नेऊन ठेवायचं. नुसतं ठेवायचं नाही, विचित्र करून ठेवायचं. साधी गोष्ट डोक्यातून निसटते, विचित्र गोष्ट अडकून बसते. समज, गूळ आणायचाय. तर उंबऱ्यावर गुळाची भली मोठी ढेप ठाण मांडून बसलीय आणि कुणाला घरात येऊ देत नाही. चप्पल आणायचीय? तर चुलीवर भाकरीच्या जागी काकाची चप्पल भाजतेय आणि वास सुटलाय. बाजारात पोचलीस की मनानंच परत दारातून आत शिरायचं आणि बघत जायचं, कुठं काय ठेवलंय. सगळं जिथल्या तिथं असतं.

आमच्याकडे हरिबा म्हणून एक आजोबा आहेत, कराडचे. त्यांना सुनेचं नाव आठवायचं नाही. आता रोज बरोबर सांगतात. सून कुठं बसवलीय ते मात्र कुणाला सांगत नाहीत.

मी काकाला फोन करून तुझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलंय. रागावू नकोस.

तुझी,
क्रांती


वडूज
२९ जानेवारी २०२४

सांगितलंस का धनाजीला? कर कल्याण. आता त्येची बायको मिठाचा डबा पदराखाली घेऊन हिंडती, आन मी पान्याला उठले तरी मागं येती, "आत्या, कुठं निघालाव?" न्हाणीत बी हाक मारती. मी म्हातारी हाय, चोर न्हाई.

चि. क्रांतीस आशीर्वाद.

माझ्या डोक्याला काय बी झालं न्हाई. तुजी युक्ती मी बाजारात लावून बघितली. चुलीवर धनाजीची चप्पल भाजली, रांजणात साबनाचा फेस केला, माळ्यावर खोबरं बसवलं. चप्पल सोडली तर समदं आनलं. चप्पल मुद्दाम आनली न्हाई, त्येची त्यो आनंल.

मीठ मी खोटं सांगितलं. फोनवर बोलले असते तर भिताडाला कळलं असतं, आन पत्रात एकदम लिवाया हात धजंना. पर तू डाक्टर-डाक्टर करत इकडं यायच्या आत खरं सांगते. इसरतोय त्यो तुजा आजा.

तानाजीला त्येच्या बापाच्या नावानं तात्या म्हनतो, त्यो तात्या मरून जमाना झाला. कुनाला काय बी म्हनू दे, माझं काय जात न्हाई. पर रोज दुपारी पटका बांधून फाट्यावर जाऊन बसतो. साताऱ्याची यष्टी येती तितं. इचारलं तर म्हनतो, "शंभू रजेवर येनार हाय न्हवं?" धनाजीला वाटतं, म्हातारा पाय मोकळं कराया जातो. खरं कळलं तर दाराला कुलूप घालील. आन ह्यो मानूस जल्मात दाराआड बसलेला न्हाई, कुलपानं हप्त्यात मरंल.

मग मी फाट्यावर जाते. हाताला धरते आन सांगते, "आवं, शंभू न्हाई. त्येची गाडी दरीत गेली. तुमीच अग्नी दिला त्येला." तवा त्येचं तोंड बघायला पायजे हुतंस. पयल्यांदाच ऐकल्यागत. तितंच धुरळ्यात बसतो. दिस मावळंपतुर रडतो. निजला की इसरतो, आन सकाळी परत, "शंभूचं काय पत्र?"

एकदा खोटं बी बोलून बघितलं. म्हनलं, येतोय सांजच्या गाडीनं. तर फाट्यावरनं उठंना. थंडीनं काकडून लाकूड झाला, तवा रिक्षात घालून आनला.

आळीतल्या बाया म्हनत्यात, बनुबाई नवऱ्याचं लय करती. मी काय करते ते मला म्हाईत. रोज दुपारी पोरगं मारते.

तवा ही एक गोष्ट त्येच्या डोक्यात बसव. एकदा बसली की सुटला, आन मी बी सुटले. तुजी उंबऱ्याची युक्ती त्येच्यावर चालंना. ह्या सलॅपच्या घरात त्येला न्हाणी सापडत न्हाई, तितं मी काय ठेवू आन त्यो काय शोधनार?

तुजा बाप हाय म्हनून तुला इचाराया जड गेलं. पर दुसऱ्या कुनाला इचारू?

आज्जी


सांगली
५ फेब्रुवारी २०२४

ति. आजीस साष्टांग नमस्कार.

आबांबद्दल आमच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणतात, अशा माणसाशी वाद घालू नये. तो म्हणेल त्याला हो म्हणावं, विषय बदलावा. मला ते पटत नाही. का, ते तुला कधी सांगितलं नाही. आईलाही नाही.

पपा गेले तेव्हा मी बालवाडीत होते. मला मामाकडं ठेवलं, वडूजला आणलंच नाही. सगळे म्हणायचे, पपा ड्यूटीवर आहेत. सव्वीस जानेवारीला शाळेनं आईला सत्काराला बोलावलं. मला वाटलं, पपांचा सत्कार आहे म्हणजे पपा येणार. मी माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवली. तिच्यावर माझा डबा ठेवला, कुणी बसू नये म्हणून. एक पाहुणे आले, डबा माझ्या मांडीवर दिला आणि बसले. मग माईकवर पपांच्या नावाआधी 'कैलासवासी' म्हटलं. घरी आल्यावर मी आईला विचारलं, ते कैलास कुठल्या बाजूला आलं? तिथं गाडी जाते का?

खोटं सांगणारी सगळी माझी माणसं होती. माझ्या भल्यासाठीच सांगत होती. पण ती रिकामी खुर्ची मला अजून माफ करता येत नाही. म्हणून आबांना कुणी फसवायचं नाही. त्यांना खरं कळलं पाहिजे, आणि एकदाच.

युक्ती तीच, जागा बदल. नवं घर सोड. त्यांच्या डोक्यातली सगळ्यात जुनी जागा शोध, जिथं ते आजही चुकत नाहीत. ते काय विसरतात ते बघू नकोस. कुणी न सांगता त्यांना काय आठवतं ते बघ. सापडलं की पपांची गोष्ट त्यालाच बांध. रोज, त्याच वेळी, त्याच शब्दांत. आणि डोळ्याला दिसेल असं काहीतरी तिथं ठेव.

मला कळव. काकाला मी काही सांगणार नाही.

क्रांती


वडूज
२७ फेब्रुवारी २०२४

तुज्या चुलतीनं आज मिठाचा डबा माझ्या हाती परत दिला, जशी काय सरपंचकीच दिली. तू धनाजीला काय सांगितलंस कुनास ठावं. बरं केलंस.

चि. क्रांतीस आशीर्वाद.

तुजं खुर्चीचं वाचलं. कागद घडी करून ठेवला, आन मग गोठ्यात जाऊन शेन काढलं. दुसरं काय करनार हुते मी.

आता ऐक. न सांगता काय आठवतंय ते बघ म्हनलीस. नातवाचं नाव येत न्हाई त्या मानसाला काय आठवत असनार, असं मनात म्हनत मी एक दिस त्येच्या मागं मागं ऱ्हायले. सकाळी उठला की गोठ्यात जातो. दावनीच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर. पाखऱ्याच्या पाठीवर हात, तांबडीच्या कपाळावर हात, म्हशीला एक शिवी. आन शेवटला खुंटा रिकामा. तितं थांबतो, डोक्यावरची टोपी काढतो आन म्हनतो, "हौश्या गेला."

मी पाटी घेऊन दारात उभी हुते, ती तशीच. हौश्या, पाखऱ्याचा जोडीदार, आत्ता दसऱ्याच्या टायमाला गेला. शंभूला जाऊन तर तू बालवाडीतनं नोकरीला लागलीस. मग बैल गेलेला ह्येला आठवतोय आन पोरगा गेलेला न्हाई? तर बैलाचा खुंटा रिकामा दिसतोय. पोराचा कुठं काय दिसतोय?

तू तिकडं वाढलीस, तुला ठावं नसंल. आपल्या घरात दावनीचं जनावर मेलं की त्येचा खुंटा बेंदराच्या सनापतुर रिकामा ठेवत्यात. दुसरं जनावर भाईर चिंचंखाली बांधू, पर त्या खुंट्याला न्हाई. बेंदराला बैलं धुतली, शिंगं रंगवली, पुरनाचा निवद दावला, की मगच तितं नवं दावं पडतं. म्हाताऱ्याच्या बापानं पाळलं, म्हाताऱ्यानं पाळलं. मानसाचं सुतक तेराव्याला फिटतं, बैलाचं बेंदराला. हे त्येच्या डोक्यात न्हाई, हाडात हाय. म्हनून टिकलंय.

मग मी तुज्या बापाची पत्र्याची पेटी उघडली. त्येची हिरवी लोकरीची टोपी काढली आन हौश्याच्या खुंट्याला घातली. विचित्र करून ठेव म्हनलीस न्हवं? ह्यापरीस विचित्र मला सुचलं न्हाई.

सकाळी त्यो म्हनायचा, "हौश्या गेला." मी त्येचा हात टोपीवर ठेवायची आन म्हनायची, "आन शंभू गेला." पयल्या दिशी हात काढून घेतला, चटका बसल्यागत. दुसऱ्या दिशी मला शिव्या दिल्या. मी बी दिल्या. पर सोडलं न्हाई. रोज हौश्या, मागनं शंभू.

काल मी मुद्दाम दारातच थांबले. त्यो एकटा गेला. पाखऱ्या, तांबडी, म्हस. खुंट्याशी गेला, टोपीवर आपसूक हात ठेवला आन म्हनला, "हौश्या गेला. शंभू गेला." दुपारी पटका बांधला न्हाई. फाट्यावर गेला न्हाई.

साताऱ्याची यष्टी भोंगा वाजवून गेली, आन मला कुठं जायचं नव्हतं. मी जेवून आडवी झाले. किती दिसांनी ते इचारू नगो.

आज्जी


सांगली
४ मार्च २०२४

ति. आजीस साष्टांग नमस्कार.

आज्जे, तू जिंकलीस! पत्र वाचून मी केंद्रात सगळ्यांना पेढे दिले. काय झालंय ते सांगितलं नाही, पगारवाढ झाली असं वाटून सगळ्यांनी खाल्ले. मॅडमना फक्त हौश्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आजीला मी शिकवायला ठेवलं असतं.

आता असंच बाकीचंही बांध. गोळी तांबडीला बांध. न्हाणीची वाट म्हशीला बांध. एक बसलं म्हणजे सगळं बसेल.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून लगेच येता येत नाही. पण खरं सांगू? आबांना माहीत आहे, एवढ्यानंच मला बरं वाटलं. या जगात पपा गेलेत हे माहीत असलेलं एक माणूस वाढलं.

क्रांती


वडूज
२१ मे २०२४

पेढे वाटलेस का? मला बी एक धाडायचा हुतास, म्हाताऱ्याच्या पुढ्यात ठेवला असता. त्येनं त्यो बी खाल्ला नसता.

चि. क्रांतीस आशीर्वाद.

मधी लिवलं न्हाई, कारन लिवण्याजोगं काय न्हवतं आन जे हुतं ते लिवाया नगो वाटत हुतं.

गोळी तांबडीला बांधली, ऱ्हायली न्हाई. न्हाणी म्हशीला बांधली, ऱ्हायली न्हाई. धनाजीला आता "कोन पावनं?" म्हनतो. मला कवा कवा आई म्हनतो. समदं गळालं. त्येच्या डोक्याच्या आख्ख्या दावनीला आता एकच दावं ऱ्हायलंय, आन ते मी बांधलेलं.

फाट्यावर जात न्हाई, हे खरं. कुठंच जात न्हाई. सकाळी खुंट्याशी जातो आन तितंच बसतो. टोपी मांडीवर घेतो. आदी कसं, दुपारी मी सांगायची, रडायचा, निजायचा, इसरायचा. दिसातनं निम्मा येळ तरी त्येचं पोरगं जित्तं असायचं. आता डोळं उघडलं की पोरगं गेलेलंच. मी सांगायची बी गरज ऱ्हायली न्हाई. इतकं पक्कं बसलंय.

आन जुनं हुईना त्येचं. तुजं माझं दुःख जुनं झालं, वर खपली आली. त्येला मधली वरसं आठवतच न्हाईत, मग खपली यायची कुठनं? त्येचा शंभू रोज आजच जातोय.

हौश्या गेला तवा पाखऱ्यानं वैरन टाकली हुती. पुढ्यातली पेंढी हुंगायचा आन मान फिरवायचा. तसंच ह्येचं. भाकरी कुसकरून दिली तर गप हातात धरून बसतो. अंगावर मांस ऱ्हायलं न्हाई. धनाजीनं डाक्टर आनला. त्यो म्हनला, वय झालं. वय त्येचं फाट्यावर जात हुता तवा काय कमी हुतं?

तू ध्यानात ठेवायला शिकवतीस. इसरायची युक्ती असंल तर कळव. बिगीनं.

आज्जी


सांगली
२७ मे २०२४

ति. आजीस साष्टांग नमस्कार.

आज्जे, विसरायची युक्ती नाही. पुस्तकं उलटीपालटी करून झाली. मॅडमना विचारलं, त्याही नाही म्हणाल्या. त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

एवढंच माहीत आहे की, एकाच जागेवर दुसरं काही ठेवलं की पहिलं पुसट होत जातं. आम्ही म्हणूनच शिकवतो की एका जागेवर दोन गोष्टी ठेवू नका. पण हे मी तुला करायला सांगत नाहीये. उलट, करू नकोस म्हणून लिहितेय. आबांना दुःख होतंय, पण ते त्यांचं आहे. मुलगा गेलाय, तर बापाला दुःख व्हायलाच हवं. आपण कोण ते काढून घेणार?

मी रविवारी येते. चांगल्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, आबांना सोबत सांगलीला घेऊन येईन. तोवर त्या खुंट्याला हात लावू नकोस. माझ्यासाठी.

क्रांती


वडूज
२० जून २०२४

गाडी घेऊन आलीस, रडलीस आन गाडी रिकामीच घेऊन गेलीस. म्हाताऱ्याला गोठ्यातनं हलवायचं न्हाई, हे मी सांगितलं असतं तर पेट्रोल वाचलं असतं. पर तुला आपल्या डोळ्यानं बघायचं हुतं. बघितलंस.

चि. क्रांतीस आशीर्वाद.

त्या दिशी मी काय बोलले न्हाई, आता बोलते. म्हाताऱ्यानं तुला वळखलं न्हाई. पर मी म्हनलं, ही शंभूची पोर, तवा त्येनं टोपी बाजूला ठेवली आन तुज्या डोक्यावर हात ठेवला. म्हनला, "बाप गेला गं तुजा." तू त्येच्या मांडीवर पडून अशी रडलीस, जशी बालवाडीतली. बाप गेल्याचं तुला कुनी सांगितलंच न्हवतं, ते त्या दिशी त्येनं सांगितलं. जाताना मला म्हनलीस, "आज्जे, आता तरी हे मोडू नकोस." मी मान हालवली. हालवली, हो म्हनले न्हाई.

तू गेलीस आन त्येनं पानी बी सोडलं. चमच्यानं घातलं तर गालावरनं वघळायचं. मी म्हनलं, "आवं, प्या की, जीव जाईल." त्यो म्हनला, "मग काय." इतकंच. ह्या मानसाबरूबर आख्खा जल्म काढला, दुस्काळ काढलं, कवा असं बोलला न्हवता.

मग मी ते केलं. बेंदूर अजून यायचा हाय, तरी केलं. ह्या घरात आजवर कुनी केलं न्हवतं. म्हाताऱ्याला धनाजीकडनं सोप्यात निजवला, खुंट्याची टोपी काढून पेटीत घातली, पेटीला कडी लावली. चिंचंखालची तांबडीची कालवड आनली आन हौश्याच्या खुंट्याला बांधली. धनाजी "आये, आये" करत ऱ्हायला. त्येला म्हनलं, पाप लागलं तर मला लागू दे, माझ्याजवळ जागा हाय. पाखऱ्या तिला हुंगत ऱ्हायला आन मग फुरफुरला. मला वाटलं, ढुशी मारतो आता. पर मारली न्हाई.

सकाळी म्हातारा भिताडाला धरून धरून आला. पाखऱ्या, तांबडी, म्हस. शिवी द्याया तोंडात दम न्हवता. शेवटल्या खुंट्याशी आला. डोक्याची टोपी काढाया हात वर गेला आन तितंच थांबला. कालवड त्येचा सदरा चाटाया लागली.

म्हनला, "ही कुनाची गं?"

म्हनलं, "तांबडीची."

कालवडीचं दावं खुंट्यापतुर चाचपत गेला. काय तरी शोधत हुता, आन मी देवाला म्हनत हुते, सापडू देऊ नगो. मग म्हनला, "हौश्या कुठाय?"

म्हनलं, "धनाजीनं रानात नेलाय."

"येळंवर वैरन टाका म्हनावं," म्हनला, आन वसरीवर जाऊन बसला. पानी मागितलं. मग मटकीच्या आमटीत भाकरी चुरून खाल्ली. चव बघून म्हनला, "मीठ दोनदा घातलंस काय?" व्हय, त्या दिशी खरंच घातलं हुतं.

एका खुंट्याला दोघं बांधलं हुतं, दोघं बी जित्तं झालं. बैल रानात हाय, पोरगा मिलिटरीत हाय. तुला सांगते, मला कसं वाटलं ते इचारू नगो. आता ह्या घरात शंभू गेल्याचं वज्जं एकटी मी वाहते. वाहीन. त्येच्यानं ते पेललं न्हाई.

तुजं मी काय काढून घेतलंय ते मला कळतंय. परत आलीस तर त्यो तुला इचारंल, "ही पोर कोन?" आन मी सांगीन, पावनी. तुजी ती खुर्ची मी परत रिकामी केली. माफ करू नगो, मी काय मागत न्हाई. पर त्येनं भाकरी खाल्ली.

आता कामाचं. काल दुपारी परत पटका मागितला. म्हनला, "शंभूचं काय पत्र?" मी अजून काय बोलले न्हाई. पटका हरवलाय म्हनून थोपवलं, किती दिस थोपवू? आज येतो म्हनलं तर फाट्यावर पावसात गारठून मरंल. गेला म्हनलं तर परत खुंट्याशी मरंल. तवा पत्र यायला पायजे. एकच पुरंल. मी रोज वाचून दावीन, त्येला रोज नवं.

निळं अंतर्देशी घे, पोस्टात मिळतंय. त्येला अक्षर कळत न्हाई, पर निळा कागद कळतो. गुंडा पोस्टमनला सांगून ठेवलंय, हाळी देऊन म्हाताऱ्याच्याच हातात द्यायचं. वर तीर्थरूप आबांस, शिरसाष्टांग. मग तब्येत बरी हाय. मग जनावरं, दावनीच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर, एकेकाची चौकशी, हौश्याची सगळ्यात जास्त. मग मेसच्या डाळीला एक शिवी. मग लिवायचं, रजा मंजूर झाली न्हाई, फाट्यावर वाट बघू नका, बेंदराला निवद माझ्या वाटनीचा बी दावा. माझी चौकशी शेवटल्या वळीत असायची, "आईला सांगा." काय सांगा ते कवाच लिवलं न्हाई. तसंच ठेव, वाढवू नगो, म्हातारा वळखंल. आन तुज्या नावाची एक वळ असायची दर पत्रात: "क्रांतीला कुनी मारू नका." ती गाळू नगो.

खोटं लिवाया तुजा हात उचलनार न्हाई, मला ठावं हाय. म्हनूनच सांगते, ह्या पत्राला उत्तर तू द्यायचं न्हाई. तुज्या नावाचं पत्र आलं तर न फोडता गुंडाच्या हाती माघारी धाडीन. उत्तर शंभूनं द्यायचं. बेंदराच्या आत.

आज्जी